उसनी फुंक

"दमा आहे तुम्हाला," असं तिसऱ्या डॉक्टरांनीही सांगितलं, तेव्हा आपण ताडकन उठून निघून आलो, असं मोठी सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे ताडकन उठणं तिला तेव्हा जमतच नव्हतं. टेबलाची कड धरून, मध्ये एकदा थांबून ती उठली आणि दारापर्यंत पोचता पोचता रागाची धार निघून गेली. या आजाराने तिचं सगळ्यात मोठं नुकसान काय केलं असेल तर हेच, असं तिचं म्हणणं होतं. भांडून तरातरा निघून जाण्यात जी मजा असते तीच गेली. दोन पावलांवर धाप लागून थांबलेल्या बाईच्या संतापाला कोण भीक घालतं?

मोठी म्हणजे घरातली थोरली सून. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत ती, तिचा बस चालवणारा नवरा, धाकटा दीर आणि त्याची बायको अशी चौघं राहायची. दोघी जावा एकाच कारखान्यात, एकाच खोलीत कामाला होत्या, म्हणून तिथेही त्यांची नावं मोठी आणि धाकटी अशीच पडली. हजेरीच्या यंत्रापलीकडे त्यांना खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे.

कारखान्यात लोणी तयार होत नसे, लोण्याचा वास तयार होई. बिस्किटांच्या मधल्या क्रीमला, पॉपकॉर्नला, केकला जो घमघमाट येतो तो गायी-म्हशींच्या कृपेने येतो असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. तो पिवळ्या पातळ द्रवातून येतो आणि तो द्रव मिक्सिंगच्या खोलीत मोठ्या टाकीत तापवून ढवळावा लागतो. या खोलीत सात बायका होत्या आणि त्यांत मोठीचा मान पहिला, तो तिच्या नाकामुळे. टाकीचं झाकण उचलायचं, वाफेत वाकायचं, डोळे मिटून छाती भरून श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "झालं" किंवा "अजून चार मिनिटं." प्रयोगशाळेतलं यंत्र एक म्हणालं आणि मोठीचं नाक दुसरं म्हणालं, तर मॅनेजर नाकाचं ऐकायचा. एकोणीस वर्षं तिने त्या नाकावर माशी बसू दिली नाही. धाकटीलाही तिनेच हाताखाली घेऊन शिकवलं. "अगं, लांबून काय हुंगतेस? घाल तोंड आत!" असं म्हणून तिची मान टाकीवर वाकवली होती. हे वाक्य पुढे मोठीला फार छळणार होतं.

मोठीचा खोकला सुरू झाला तो कोरडा, ठसक्यांचा. मग जिना. चोपन्न पायऱ्या ती एका दमात चढायची, त्या पुढे दोन दमांत, मग पाच दमांत. पहिल्या मजल्यावर थांबली की ती शेजारणीच्या दारावरची पाटी वाचत असल्याचं सोंग करी. नवऱ्याने एकदा म्हटलं, "एवढं काय लिहिलंय त्या पाटीवर?" तेव्हा ती रडली. बस चालवणारा माणूस, बोलणं कमी. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यासोबत प्रत्येक मजल्यावर पाटी वाचायला उभा राहू लागला.

तीन डॉक्टर झाले. त्यांतले पहिले कंपनीचेच. तिघांनीही दमा म्हटलं, तिघांनीही पंप दिले, निळा आणि तपकिरी. पंप दाबून दाबून अंगठा दुखायला लागला, पण श्वास होता तिथेच. "दमा असता तर पंपाने उतार नको पडायला?" असं तिने कंपनीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही नीट ओढत नसाल." एकोणीस वर्षं ओढण्याचंच काम केलेल्या बाईला असं म्हणायचं! ती त्यांच्या अंगावर धावूनच जायची, पण धावणं म्हटल्यावर पुन्हा तेच आलं.

चौथी डॉक्टर मोठ्या सरकारी इस्पितळात भेटली. छातीचीच डॉक्टर, वयाने लहान, पेनाचं टोपण चावत बसणारी. तिला बघून मोठीला भरवसा वाटेना. पण या पोरसवद्या डॉक्टरणीने असा प्रश्न विचारला जो आधीच्या तिघांनी विचारला नव्हता. "दिवसभर तुम्ही नेमकं काय करता? मला करून दाखवा."

मोठीने करून दाखवलं. हवेतलं झाकण उचललं, वाकली, डोळे मिटले, जमेल तेवढा श्वास ओढला. डॉक्टरणीच्या तोंडातलं टोपण बाहेर आलं.

मग तपासण्यांची रांग लागली. कधी सिगारेट ओढली का, सांधे दुखतात का, कुठलं मोठं दुखणं झालं होतं का, रक्त, थुंकी, सगळं झालं. फुंकायच्या मशीनमध्ये फुंकायला लावलं, पंप देऊन पंधरा मिनिटं बसवलं, पुन्हा फुंकायला लावलं. दमा असेल तर दुसरा आकडा चांगला वर जातो. मोठीचा, तिच्या उंची-वयाच्या निरोगी बाईच्या तुलनेत, आधी छत्तीस टक्के आला आणि नंतरही छत्तीसच. छातीचा एक स्कॅन आधीच झाला होता आणि तो जवळजवळ स्वच्छ होता. डॉक्टरणीने तो बाजूला सारला.

"हा श्वास भरून धरायला सांगून काढलाय," ती म्हणाली. "तुम्हाला हवा आत घ्यायला त्रास नाही. बाहेर सोडायला आहे. तेव्हा सगळी हवा सोडून द्या आणि मग काढू."

हवा सोडून काढलेल्या स्कॅनमध्ये फुप्फुसं ठिगळं लावलेल्या गोधडीसारखी दिसली, कुठे करडी, कुठे काळी. काळ्या ठिगळांत हवा अडकून बसली होती.

"याला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात," डॉक्टरणीने कागदावर झाडाच्या फांद्या काढल्या. "लहान बाळांना होतो तो वेगळा, सर्दीतून येतो आणि जातो. मोठ्या माणसांत कारणं वेगळी असतात. ही शेवटची बारीक डहाळी आहे ना, ती आतून सुजते, मग तिथे व्रण धरतो आणि वाट बुजते. तुमच्यात वाट बुजलीय."

"उघडेल कशाने?"

"उघडणार नाही." डॉक्टरणीने नजर चुकवली नाही, हे मोठीला आवडलं, नंतर. तेव्हा आवडलं नाही. "आहे ते राखायचं. आठवड्यातून तीनदा एक गोळी आहे, ती सूज धरून ठेवते. स्टेरॉइड थोडे दिवस देऊन बघू, उपयोग नाही झाला तर बंद करू, उगाच देत बसायचं नाही. न्यूमोनियाची आणि फ्लूची लस. श्वासाचे व्यायाम. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. ज्या वाफेत तुम्ही नाक घालता, तिनेच हे होतं. मला कंपनीला पत्र लिहायचंय. तुमचे जुने फुंकण्याचे आकडे घेऊन या."

जुन्या आकड्यांची गोष्ट मात्र वेगळी होती.

कंपनीत दर मार्चमध्ये ही चाचणी होई. कॅन्टीनमध्ये मशीन लागायचं, बाहेरून आलेला माणूस मान खाली घालून नंबर पुकारायचा. आकडा कमी आला की मिक्सिंगमधून काढून पॅकिंगच्या पट्ट्यावर उभं करत, आठ तास, आलटून पालटून पाळ्या. मिक्सिंगला बसायला मिळे, कायम दिवसपाळी असे आणि मान असे. तेव्हा सात बायकांनी आपसात एक रीत पाडली होती. पॅकिंगमध्ये एक धिप्पाड बाई होती, तरुणपणी पोहण्याच्या शर्यती जिंकलेली, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली की अख्खा पट्टा थांबायचा. नावच शिट्टी. सगळ्यांचे झगे पांढरे, डोक्याला तीच जाळी, तोंडाला तोच कपडा. नंबर कोणाचाही असो, मशीनपुढे जाऊन बसायची शिट्टी. एका वर्षी त्या माणसाला शंका आली. "तुम्ही मघाशी येऊन गेलात ना?" शिट्टी म्हणाली, "आमच्यात सगळ्याच धष्टपुष्ट आहेत." त्यावर बायका आठवडाभर हसत होत्या.

पुढच्या खेपेला डॉक्टरणीने जुने कागद चाळले आणि तीही हसली. "एकशे एकवीस टक्के? अहो, एवढी फुप्फुसं तुमच्या छातीत मावणार कशी?" मोठीची उंची चार फूट दहा इंच.

मोठी हसली नाही.

डॉक्टरणीचं हसू हळूहळू मावळलं. "हे बघा, या कागदांवरून तुम्ही मार्चपर्यंत ठणठणीत होतात आणि सहा महिन्यांत एकदम कोसळलात. कंपनी म्हणेल, मधेच कसला तरी ताप आला असेल, खोलीचा काय संबंध? आणि बाकी सहाजणींचेही आकडे असेच झकास असतील, तर खोली निर्दोषच ठरते."

बाकी सहाजणींत धाकटी होती. गेल्या पंधरवड्यात धाकटी दुसऱ्या मजल्यावर थांबून चप्पल नीट करायला लागली होती. रोज. तिची चप्पल नवी होती.

"ती फुंक माझी नव्हती," मोठी म्हणाली. आणि सगळं सांगून टाकलं.

घरी धाकटीला सांगितलं तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं. "जाऊबाई, तुमचं गेलं म्हणून आमचंही घालवणार का? मला काही झालेलं नाही. सर्दी आहे."

"चप्पल कशाला नीट करतेस मग रोज दुसऱ्या मजल्यावर?"

धाकटीचा चेहरा पडला, पण पडल्या चेहऱ्यानेही ती हटली नाही. "तुम्हीच शिकवलंत, तोंड आत घाल म्हणून. आता तुम्हीच म्हणता बाहेर काढ."

"हो, मीच शिकवलं," मोठी म्हणाली. "म्हणून मीच काढणार. तू माझं तोंड बघू नकोस पाहिजे तर." हे बोलताना तिचा आवाज फुटला आणि तिला स्वतःचाच राग आला. भांडणात रडणारी बाई तिला कधीच आवडली नव्हती.

डॉक्टरणीचं पत्र गेलं. जुने कागद खोटे आहेत असं त्यात लिहिलं नव्हतं. ते आपण स्वतः, कंपनीत उभं राहून सांगणार, असं मोठीने बजावलं होतं. पत्राला कंपनीने फार शहाणपणाने उत्तर दिलं. मिक्सिंगच्या सगळ्या कामगारांची पुन्हा चाचणी लावली, पुढच्याच सोमवारी, अकरा वाजता. खोली सुरक्षित आहे हे एकदा कागदावर सिद्ध होऊन जाऊ दे, असं मॅनेजर म्हणाला. हे ऐकून सहाही बायका कोणाकडे गेल्या असतील ते सांगायला नको.

मोठी रविवारी शिट्टीच्या घरी गेली. शिट्टी खिडकीच्या काचा पुसत होती. मोठीने तिच्यापुढे दोन्ही स्कॅन ठेवले आणि काही बोललीच नाही, कारण जिना चढून आल्यावर बोलायला श्वास नव्हता. शिट्टीने तिचं ते धापणं पाच मिनिटं ऐकलं. ओलं फडकं तिच्या हातातून गळत राहिलं.

"मी तुमचं भलं करत होते," ती शेवटी म्हणाली.

"मीच तर तुझ्यापुढे हात जोडले होते. तुला कोण बोल लावतंय? पण उद्या धाकटीच्या जागी बसू नकोस."

"बाकीच्याही माझ्याच तोंडाकडे बघून आहेत गं मोठे. मी नाही कशी म्हणू?" शिट्टीने शब्द दिला नाही. मोठी परत आली.

सोमवारी मोठीने सकाळचा पंप मुद्दाम घेतला नाही. नवऱ्याने बस डेपोत लावून सुट्टी टाकली आणि तिला रिक्षाने फाटकापर्यंत सोडलं. "मी आत येऊ?" त्याने विचारलं. "नको," ती म्हणाली, "तू आलास की मी तुझ्या खांद्यावर मान टाकेन."

कॅन्टीनमध्ये मशीन लागलं होतं. एका बाजूला मॅनेजर, शेजारी कंपनीचे डॉक्टर. काम थांबवायचं नाही म्हणून टाकी मंद आचेवर ठेवूनच बायकांना बोलावलं होतं. पहिला नंबर धाकटीचा पुकारला गेला आणि पॅकिंगमधून गुपचूप रांगेत येऊन बसलेली शिट्टी उठली.

"थांब," मोठी दारातून म्हणाली. मोठ्याने म्हणायचं होतं, पण तेवढी हवा नव्हती. तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "हा नंबर तुझा नाही."

मॅनेजरने भुवया चढवल्या. "बाई, तुम्ही रजेवर आहात."

"रजेवर आहे, मेलेली नाही. लिहून घ्या. गेली पाच वर्षं या खोलीतल्या एकाही बाईने स्वतः फुंकलेलं नाही. सातही जणींची फुंक एकाच बाईची. मी सांगितलं तिला. शिक्षा मला करा."

मॅनेजर सावकाश म्हणाला, "म्हणजे कंपनीला फसवलंत हे तुम्ही कबूल करता?"

"करते. सही देते. पण मग त्या आकड्यांवर तुमची खोली सुरक्षित ठरली होती, तेही खोडा."

कंपनीचे डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "हे बघा, कागद खोटे असतील. पण तुम्हाला दमा आहे हे मी स्वतः तपासून सांगितलंय. त्याचा खोलीशी संबंध नाही."

"दमा असला की पंपाने आकडा वर जातो ना?"

"अर्थात. बहुतेकदा जातोच."

"मग मांडा इथेच. सगळ्यांसमोर."

ती मशीनपुढे बसली. नळी तोंडात धरली आणि फुंकली. फुंक निघता निघत नव्हती, बारीक, लांब, केविलवाणी. तो मशीनवाला "अजून, अजून, अजून" म्हणत राहिला आणि तिचे ओठ निळसर पडले. छत्तीस. मग तिने सर्वांदेखत पंप घेतला, डॉक्टरांच्याच हातून, त्यांनी सांगितला तसा, म्हणजे नीट ओढला नाही म्हणायला जागा नको. आणि पंधरा मिनिटं बसायचं होतं.

पंधरा मिनिटं फार असतात. मॅनेजरने फोन पाहिला, ठेवला, पुन्हा पाहिला. बायका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. धाकटी मात्र जावेच्या गळ्याकडे बघत होती, जिथे प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. घरी रोज तिच्याच पंक्तीला बसणाऱ्या बाईचा तो खळगा तिने आजवर पाहिला नव्हता, किंवा पाहायचा नाही असं ठरवलं होतं.

मोठीने पुन्हा फुंकलं. त्या माणसाने आकडा वाचला. सदतीस.

डॉक्टरांनी वाकून आकडा स्वतः पाहिला. माणूस वाईट नव्हता तो. फक्त एकदा दमा म्हटल्यावर दमाच म्हणत राहिला होता.

"पुढचा नंबर," तो माणूस सवयीने म्हणाला. शिट्टी मघाशी उठली होती ती अजून उभीच होती. ती खाली बसली आणि दोन्ही हातांची घडी घातली. "मला आज दम नाही," ती म्हणाली. बायकांपैकी एकीनेही तिच्याकडे पाहिलं नाही.

मग धाकटी उठली. कुणी ढकललं नाही, कुणी बोलावलं नाही. तोंडावरचा कपडा काढून ती मशीनपुढे बसली, फुंकली, पंप घेतला, थांबली, पुन्हा फुंकली. आधी एकसष्ट. नंतर बासष्ट.

मोठीने मनात धरलं होतं की धाकटीचा आकडा शंभर यावा. मग भले सगळ्यांनी आपल्याला खोटं म्हणावं, नोकरी घालवल्याबद्दल जन्मभर टोचून खावं. एकसष्ट ऐकल्यावर तिने डोळे मिटले. ती मान आपण वाकवली होती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आजच थांबलात तर बहुधा इथेच थांबेल," कंपनीचे डॉक्टर धाकटीला म्हणाले, हळू आवाजात, मॅनेजरकडे न बघता. "आत गेलात तर नाही थांबणार."

तेवढ्यात मिक्सिंगची घंटा वाजली. बॅच उतरवायची वेळ झाली होती. अकरा वर्षांची सवय, धाकटीचे पाय आपोआप वळले. मोठीने तिच्या झग्याचं टोक धरलं.

"बस खाली."

"जाऊबाई, बॅच करपेल."

"करपू दे."

मॅनेजर ओरडला, "अहो, टाकी आहे ती! कोणीतरी जा!" त्याने एकेकीकडे पाहिलं. पहिली आपल्या नखांकडे बघत होती. दुसरीने डोक्यावरची जाळी काढली. तिसरीने खुर्ची ओढून घेतली आणि बसली, मग बाकीच्या बसल्या. घंटा वाजतच होती आणि करपलेल्या लोण्याचा वास कॅन्टीनपर्यंत यायला लागला होता.

शेवटी मॅनेजर स्वतः निघाला. कॅन्टीनच्या काचेतून समोरची पडवी आणि मिक्सिंगचं दार सरळ दिसतं. दारापर्यंत तो धावतच गेला. कडीला हात लावला आणि थांबला. मग मागे फिरून त्याने शेजारचं कुलूपबंद कपाट उघडलं. वर्षातून एकदा टाकी आतून घासायला बाहेरची माणसं येतात, त्यांच्यासाठी त्यात एक मुखवटा ठेवलेला असतो, नाकापाशी दोन गोल डबे असलेला. तो त्याने चेहऱ्यावर चढवला, मागचे पट्टे आवळले, तळहात दाबून हवा कुठून येत नाही ना ते दोनदा तपासलं आणि मगच दार उघडलं.

घंटा बंद झाली. धाकटी त्या बंद दाराकडे बघत होती.

मग ती मशीनवाल्याकडे वळली. "माझ्या आकड्याचा कागद मला द्या," ती म्हणाली. "वर माझं पूर्ण नाव लिहा. मी सांगते, तसं."